अपेक्षित उत्तर

...आणि वर ते शिक्षकांच्या कॉलेजातले म्हणतात, आम्ही शिक्षक घडवतो! काय घडवता, कपाळ? तुम्हाला सांगतो, ते शिकाऊ सर आमच्या शाळेत आले ना, तेव्हा त्यांना वर्ग म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होती वही. पाठाची वही, दोन रकाने आखलेली, डावीकडं सरांनी विचारायचा प्रश्न आणि उजवीकडं पोरांनी द्यायचं उत्तर. अहो, पोरांचं तोंड बघायच्या आधी पोरांची उत्तरं लिहून तयार! एके ठिकाणी तर कंसात 'विद्यार्थी हसतील'. तीस वर्षं मी इथं घंटा बडवतोय, सातवीला दोनदा बसलोय, पण एवढी विद्या काही मला चढली नाही.

पोरांनी दुसऱ्याच तासाला नाव ठेवलं, अर्धे सर. पूर्ण व्हायचेत म्हणून. पहिल्या दिवशी अर्धे सर खुर्चीत बसले ते थेट जमिनीवर, कारण त्या खुर्चीचा मागचा पाय नुसता टेकवून ठेवलेला असतो हे अख्ख्या शाळेला माहीत. पण वहीत हे नव्हतं हो! तिसऱ्या बाकावर एक वकिलीणबाई बसते, वय वर्षं अकरा, तिनं विचारलं, सर, तुम्ही आम्हाला शिकवताय की आमच्यावर शिकताय? वहीत हे नव्हतं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी महिनाभर एक शब्द बोलली नाही, तर सरांनी तिच्या नावापुढं 'मंद' लिहून टाकलं. आणि एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं, की तिला फळाच दिसत नाही, ती शेजारणीच्या वहीतून उतरवते. लाजले बिचारे. 'मंद' खोडलं, तिला पुढं आणलं, मग डबा खाताना तिच्याशी बोलायला लागले. उशीर झाला, पण सुरुवात झाली म्हणायची.

सहा आठवडे संपले आणि शेवटचा पाठ आला. परीक्षकबाई येणार, नापास केलं तर वर्ष पुन्हा, आणि दुसऱ्या वर्षाला घरचे पाठवणार नाहीत, असं सर माझ्याशी बोलताना पडेल आवाजात म्हणाले. हे पोरांच्या कानावर कसं गेलं? मला काय विचारता! आणि वही पोरांच्या हाती कशी लागली? अहो, टेबल पुसताना वही बाजूला ठेवावी लागते. बाजूला म्हणजे पहिल्या बाकावर. वकिलीणबाईंनी उजवा रकाना वाटून दिला, प्रत्येकाला एकेक उत्तर, ओळीनं.

पाठ होता पाण्याच्या वाफेचा. परीक्षकबाई वहीची नक्कल मांडीवर घेऊन बसल्या, मान खाली, हातात पेन. सरांनी विचारलं, आज हवा कशी आहे? पहिला उठला, "कडक ऊन आहे, सर." बाहेर आभाळ इतकं काळं, की मी वर्गात दिवे लावून आलेलो! सर गडबडले आणि दुसरा प्रश्न गिळून तिसऱ्यावर गेले. ओल्या कपड्यातलं पाणी कुठं जातं?

दुसरा उठला, "दोरीवर, सर."

ते पाणी आपल्याला दिसतं का?

"हवेत, सर."

सरांनी वहीवर बोट फिरवलं. म्हणाले, अरे, तुम्हाला काही कळतंय का?

"नाही, सर."

बरं, जरा थांबा, एवढंच म्हणाले हो ते, तर अख्खा वर्ग खदाखदा हसला. कंसातलं हसू, वेळेवर! आणि परीक्षकबाई? प्रत्येक उत्तराला बरोबरची खूण, हसण्यालासुद्धा. त्यांना उत्तरं ओळीनं मिळत होती, प्रश्न कोण ऐकतो?

मग सरांनी वही मिटली. वर्ष गेलंच म्हणून मिटली असेल. ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि पुढं आणलेल्या त्या मुलीला म्हणाले, ही ओल आता सुकेल, तू सांग, कुठं जाते?

ती उठली. तिच्या आईचं कपडे धुण्याचं दुकान आहे. "आमच्या खोलीत चादरी वाळतात, सर, तेव्हा खिडकीच्या काचेला थेंब येतात. चादरीतलं पाणी काचेवर जातं. पण मधे ते कुणालाच दिसत नाही."

झालं! वकिलीणबाई उठल्या, खिडकी उघडी असली तर? कुणी म्हणालं पाणी मरतं, कुणी म्हणालं लपतं, सगळा वर्ग फळ्याशी, ओल सुकताना डोळे फाडून बघतोय, आणि सर मधे उभे, लाल झालेले, खुशीत! तीस वर्षांत पहिल्यांदा मी घंटा द्यायची विसरलो. आणि परीक्षकबाईंनी पहिल्यांदा मान वर केली, नक्कल उलटसुलट केली. वहीत हे नव्हतं हो!

निकाल लागला. पहिली वीस मिनिटं: प्रतिसाद उत्तम. पुढची पंधरा: पाठ भरकटला, गुण नाहीत. काठावर पास. सर कागद घेऊन माझ्याकडं आले, हसावं की रडावं कळेना त्यांना. मी म्हटलं, सर, थोडक्यात वाचलात, आता नोकरी लागली की सांभाळून राहा, पुन्हा शिकवायला जाऊ नका.