बारक्याचा आकडा

—हे बघ, काल पैज लावली मी, पण घेतली कुणी? तूच ना? मी आपलं नुसतं म्हणालो, बारक्या, दहा मिनिटांत तीन ताटं संपवून दाखव, नाहीतर उद्यापासून मला दादा म्हणायचं. यात बाह्या सरसावण्यासारखं काय होतं? पण नाही — कुस्तीवाल्यांचं डोकं! पास्ता झाला, बटाटे झाले, वर आइस्क्रीमचे दोन कप, आणि ते कप तर पैजेतही नव्हते, ते तू आपल्या मनानेच— ए, नाही, बोलू नकोस! सरांनी काय सांगितलंय? तोंड उघडायचं ते फक्त थुंकायला. बाटलीत थूक, तेवढंच वजन कमी. हां. शाब्बास. देशासाठी थुंकणारा पहिलाच खेळाडू बघतोय मी.

हसू तरी नको का? बरं, नको हसूस. उड्या मार. मी मोजतो — एक, दोन — रेनकोट सोडू नकोस, आतले स्वेटर दिसतायत. किती घातलेस, तीन? चार बोटं? चार! आणि वरून हा गरम नळ. मला नुसत्या चड्डीवर इतकं उकडतंय, तुझं काय होत असेल. आरशात बघ, आपण दिसतच नाही. अंघोळीची एवढीशी खोली, त्यात तू, मी, वजनकाटा, दाराच्या फटीत कोंबलेले टॉवेल — आणि दाराला पलीकडून खुर्ची लावून, खुर्चीत आपले सर. वजन उतरल्याशिवाय दार उघडायचं नाही म्हणजे नाही. आणि मला कोणी सांगितलं होतं आत यायला? एकजण आत पाहिजे म्हणाले, पोरगं नळाला तोंड लावेल, चक्कर येईल, कोण जातंय — आणि माझा हात वर! माझा! शाळेत चार वर्षांत एकदा वर गेला नाही तो हात. का गेला? असाच गेला. रूम पार्टनर ना मी तुझा. अजून काय कारण पाहिजे?

सकाळचे सात वाजले असतील. नाही, घाबरू नकोस, आठ म्हणजे बराच वेळ आहे. आठला वजनाची खोली बंद, एक्कावन्नच्या वर गेलास की बाद, मॅटवर पाय न ठेवता बाद — माहितेय रे, तुलाच काय सांगतोय मी. थूक.

खरं सांगू का, चूक सरांची आहे. हळू बोलतोय, नाही ऐकू जात, नळाचा आवाज आहे. हा वजनकाटा घेऊन आले घरून, विमानात मांडीवर, बाळाला घेतात तसा. परक्या काट्यावर भरवसा नाही म्हणे. बरं, आणलात ना, मग रोज संध्याकाळी स्वतः वाकून बघा की! तर ते नाही. तुम्ही पोरांनी उभं राहायचं, आकडा सांगायचा, सर खिडकीकडे तोंड करून वहीत लिहिणार. का, तर म्हणे माझी पोरं मला खोटं सांगत नाहीत. काल तू काय सांगितलंस? पन्नासला जरा कमी. लिहिलं. आणि आज सकाळी स्पर्धेवाल्यांच्या काट्यावर बावन्नच्या वर! खोलीवर आल्यावर सर म्हणाले, तो काटा वेडा असेल, आपला आणा. आपला आणला — आपलाही तेच म्हणतो.

तेव्हा मी इथेच होतो, बेसिनपाशी. ब्रश तोंडात. तुझ्या गालावर सरांची बसली ना, तेव्हा पेस्ट गिळली मी. अजून घसा पुदिन्यासारखा गार आहे. आणि सर काय म्हणाले — वजन नाही उतरलं तर नाही, पुढच्या वेळी खेळशील, पण मला खोटा आकडा सांगितलास. कुस्ती झाली की संध्याकाळच्या विमानाने घरी, आणि पुन्हा माझ्याकडे यायचं नाही. इतक्या हळू आवाजात. ओरडले असते तर बरं झालं असतं, नाही? आणि तू! तू काय म्हणावंस — सर, मला नीट दिसलं नसेल. नीट दिसलं नसेल? पलीकडच्या इमारतीत कुणाची चड्डी वाळतेय ते तू इथून सांगतोस! भांडायचं होतंस. म्हणायचं होतं, मी आकडा बघितला, डोळ्यांनी बघितला. मोजे घालताना मात्र पुटपुटत होतास, आईला काय सांगू, आईला काय सांगू. मी ऐकलं. मी टॉवेल घडी करत होतो. टॉवेल कधी घडी करतो का मी?

बस जरा. टबाच्या काठावर बस. नाही? बरं, उड्या.

तुझं बरं आहे पण. नाही, ऐक, तुला निदान काढून तरी टाकतायत. मला काढायला मी आत कुठे आहे? रिलेत पळतात चार, मी पाचवा. चौघांतल्या एकाचा पाय मुरगळला तर मी. आणि पाय बघितलेस त्यांचे? घोडे बरे! बारा दिवसांत मी पळालो तो फक्त बस पकडायला, आणि तीही सुटली. पाठीवर देशाचं नाव घालून बस चुकवणारा मी. तो जेवणाचा हॉल आहे ना, विमान उभं राहील एवढा — तिथे सगळे चार-चार, सहा-सहा. पळणारे पळणाऱ्यांत, पोहणारे पोहणाऱ्यांत. मी ताट घेऊन उभा, जसं काय कुणाला शोधतोय. कुणाला शोधतोय? कुणालाच नाही. तुझी खाट माझ्या शेजारी, पण तू जेवायलाच येत नाहीस, एक सफरचंद चार दिवस पुरवतोस. म्हटलं एक संध्याकाळ तरी समोर कुणीतरी बसावं, चमचा आपटावा, माझ्या ताटातलं उचलावं. आणि काल तू बसलास! काय हसलो रे आपण. ती अडथळ्यांची शर्यत पळणारी पोरगी वळून वळून बघत होती. एवढंसं तर चाक फिरवायचं, आणि—

काय? चाक? कुठलं चाक? मी चाक म्हणालो? बसचं. बसचं चाक म्हणत होतो मी.

असा बघू नकोस. उभा राहा बघू काट्यावर. राहा, धरतो मी. अजून सातशे ग्रॅम. उतरतील. बाटली कुठेय? थूक. — नाही येत? थुंकीच नाही? अरे, हात दाखव तुझा. मघाशी निथळत होतास, आता कोरडा कसा? बारक्या, घाम कुठे गेला तुझा? इकडे बघ. किती बोटं ही? अरे, बोट दाखवून सांग की. बस, बस खाली. काढ तो रेनकोट. हात झटकू नकोस, काढ म्हणतो ना! — आणि ऐक आता. मध्ये बोलू नकोस, नाहीतरी बोलणार कशाने म्हणा.

तुला नीट दिसलं होतं. पन्नासला जरा कमीच दिसलं होतं. काट्याच्या पाठीमागे खाली एक बारीक चाक असतं, सुई शून्यावर आणायचं. मी ते मागे नेलं, दीड किलो. काल दुपारी. गंमत म्हणून — नाही, गंमत म्हणूनही नाही, आत्ताच सांगितलं ना का ते. वाटलं, कमी दिसलं की जेवशील, एक दिवस जेवलास तर काय बिघडतंय, सकाळी नीट करून ठेवू. आणि सकाळी नीट केलं रे! तू आंघोळीला गेलास तेवढ्यात. तेच तर चुकलं माझं. तसंच ठेवलं असतं तर सरांना काटा खोटा दिसला असता. मी काटा खरा केला आणि तुला खोटा.

मार ना. एक दे. हाताला जोर नाही? मग शिवी दे. असा नुसता बघू नकोस रे.

— सर! सर, दार उघडा! नाही, नाही उतरलं. सातशे बाकी आहे, पण ते राहू दे, आधी पाणी आणा आणि डॉक्टरांना बोलवा, ह्याचा घाम बंद झालाय. — नाही, गंमत नाही. आईशप्पथ नाही. खुर्ची काढा ना! आणि सर, वहीतला आकडा त्याने खरा सांगितलेला. त्याला जे दिसलं तेच सांगितलं त्याने. काटा मी फिरवला होता. — मी. पाचवा. मी फिरवला, सर.