कोबेच्या तळघरातील थेंबभर तूप

नाव: कु. मंगला वेंकटेश नरगुंदकर. वय: २३ वर्षे. शिक्षण: बी. ई. (मेकॅनिकल). धंदा: नोकरी, गोकुळ रोडवरील व्हॉल्व्हच्या कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर. राहणार: जुनी हुबळी. दिनांक १० नोव्हेंबर १९८६, सकाळी अकरा वाजता.

समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी आई, वडील आणि थोरली बहीण मालती यांच्यासह राहते. पदवी घेतलेली घरात मी पहिली. या पोलीस ठाण्यात जबाब कानडीत लिहितात. मी परवानगी घेऊन तो मराठीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण यातला शब्द दुसऱ्याने बदलू नये.

माझे वडील वेंकटेश, म्हणजे आमचे अप्पा, यांची जुन्या हुबळीत खाणावळ होती. परशुराम सवणूरकर हे तेथे स्वयंपाकी व वाढपी होते. आम्ही मुली त्यांना परशुरामअण्णा म्हणत असू. आमच्याकडे पान मांडल्यावर भाताच्या आधी रिकाम्या पानावर तुपाचा एक थेंब सोडतात. याला अभिघार म्हणतात. अप्पा हा नियम प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पाळत.

दि. १४ जून १९७७ रोजी दुपारी गर्दीत परशुरामअण्णांनी तूप न सोडताच भात वाढला. अप्पांनी हटकल्यावर ते म्हणाले, "तूप भातावर पडणारच आहे, मालक. रिकाम्या पानाला कशाला पाजायचं?" अप्पा म्हणाले, "माणूस बसला की आधी ते पान त्याला आपलं वाटलं पाहिजे. एवढं कळत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस." हे जेवणाऱ्या लोकांसमोर झाले. मी चौदा वर्षांची होते आणि पाणी वाढत होते.

त्याच संध्याकाळी अप्पा त्यांची समजूत काढायला स्टेशनवर गेले. परशुरामअण्णा लोंढ्याच्या गाडीत बसले व पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्या आई कृष्णाबाई यांनी तक्रार दिली. त्यांना शेवटी अप्पांबरोबर पाहिले, एवढेच लोकांनी सांगितले. अप्पांनी भांडणाचे कारण सांगितले ते कोणी मानले नाही. तेव्हापासून या ठाण्यात जे जे साहेब आले, त्यांनी अप्पांना बोलावले आणि "तुपाच्या थेंबावरून माणूस गाव सोडतो होय?" असे विचारले. खाणावळ १९७९ साली बंद झाली. मालतीअक्काच्या लग्नाबाबत येथे लिहिण्यासारखे काही नाही.

या वर्षी कारखान्याने मला आणि फोरमन मुकुंदराव यांना सहा आठवड्यांच्या शिक्षणासाठी जपानमधील कोबे शहरात पाठवले. मी शाकाहारी असल्याने अठरा दिवस भात, लोणचे व केळी यांवर राहिले. तेथील आमचे शिक्षक ओगावा यांच्या हे लक्षात आले. दि. १२ ऑक्टोबर, रविवारी दुपारी ते आम्हा दोघांना एका गल्लीत घेऊन गेले. न्हाव्याच्या दुकानाशेजारी एक लोखंडी दार होते. पाटी नव्हती. ओगावांनी तीनदा ठोठावले, आतून एका वृद्ध बाईंनी त्यांचा चेहरा पाहून कडी काढली. सतरा पायऱ्या उतरून आम्ही तळघरात गेलो. नऊ स्टुले, एक लांब फळी, फळीपलीकडे चूल. ओळखीशिवाय तेथे कोणाला घेत नाहीत. सहा जपानी कारकून जेवायला बसले होते.

स्वयंपाकी पाठमोरा होता. त्याने वळून माझ्यापुढे रिकामी थाळी ठेवली, डाव्या बाजूला मीठ वाढले, मग लहान पळीतून थाळीवर तुपाचा एक थेंब सोडला आणि मगच भात वाढला. मी इतरांच्या थाळ्या पाहिल्या. प्रत्येकाला तसेच वाढले जात होते. स्वयंपाक्याच्या उजव्या हातावर कोपराखाली तेलाने भाजल्याची खूण होती, जी कृष्णाबाईंच्या तक्रारीत नोंदलेली आहे.

मी कानडीत विचारले, "अण्णा, रिकाम्या पानाला कशाला पाजता?"

त्यांनी पळी खाली ठेवली. मग म्हणाले, "वेंकटेशमालकांची धाकटी का तू? पाणी सांडायचीस." मुकुंदराव मला म्हणाले, "मंगला, आधी जेवून घे. पळून जायला यांना त्याच सतरा पायऱ्या आहेत." मी जेवले.

परशुरामअण्णांनी सांगितले की, ते गोव्यातल्या मुरगाव बंदरातून लोखंडाच्या मातीच्या जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेले आणि कोबे येथे उतरून परत चढलेच नाहीत. पत्र आधी रागाने लिहिले नाही, मग कागदपत्रे नसल्याच्या भीतीने, मग लाजेने. स्टेशनवर अप्पांनी त्यांच्या हातात केळीच्या पानात बांधलेला दहीभात दिला होता, हेही त्यांनी मी न विचारता सांगितले. अप्पांच्या १९७७ सालच्या जबाबात ते लिहिलेले आहे. कृपया ताडून पाहावे.

त्यांनी मला विनवले की, हुबळीत काही सांगू नये. मी म्हटले, "अण्णा, तुम्ही नऊ वर्षं तळघरात लपलात. आमचे अप्पा नऊ वर्षं ठाण्याच्या दारात उभे आहेत. मी सांगणार." ते म्हणाले, "सांगितलंस तर मला ही स्टूल-फळी सोडून जावं लागेल." मी हो म्हटले. मी सांगणारच हे कळल्यावर दि. १६ रोजी ते स्वतःच मुकुंदरावांबरोबर तेथील भारतीय वकिलातीच्या कचेरीत गेले व आपले नाव सांगितले. कचेरीच्या शिक्क्याचा कागद आणि त्यांनी आपल्या आईला लिहिलेले पत्र सोबत जोडले आहे. त्यांना परत पाठवतील. त्यांचे तेथील बस्तान माझ्यामुळे मोडले, हे मी जाणते, आणि तरी माझे सांगणे तेच आहे.

परत आल्यावर मी प्रथम कृष्णाबाईंकडे गेले, तळघरात पाहिले ते सांगितले व पत्र वाचून दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावले. मग विचारले, "तूप घालतो म्हणालीस? आधी?" मी हो म्हटले. त्यांनी पायांत चपला घातल्या आणि आमच्या घरी आल्या. नऊ वर्षांत प्रथमच. आज त्या अप्पांबरोबर ठाण्यात आल्या आहेत.

माझी विनंती आहे की, अप्पांना यापुढे या कामी बोलावू नये.

वरील सर्व मी लिहिले, हवालदारांसमोर कानडीत मोठ्याने सांगितले, आणि लिहिलेले व सांगितलेले एकच आहे. ऐकून झाल्यावर बाहेरच्या बाकावरून अप्पा सवयीने उठून आत आले व "सही कुठं करू?" म्हणाले. आज त्यांची सही लागत नाही, असे हवालदारांनी सांगितले. सही माझी आहे.

(सही) मंगला वेंकटेश नरगुंदकर