कडू लागतंय न्हवं?

न्हाई म्हंजी न्हाई! पावनं, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नगासा. पोरगी तुमची, कबूल, पन सून माजी हाय, आन् ह्या वस्तीवर कुनाला कवा दवाखान्यात न्यायचं ते ह्यो नाथाजी ठरीवतो. बसा. त्या बाजंवर बसा म्हनतो न्हवं! आन् तुमच्या त्या मोटारवाल्याला सांगा भोंगा वाजवू नगंस म्हनून, म्हस बुजतीया. मिरजंला न्यायचं म्हनं! कशापायी? पायाला काटा लागला म्हनून? काल दिस मावळताना वैरनीचा भारा घिऊन उसातनं येत हुती, पाचटात पाय पडला, काय तरी टोचलं — झालं. सूज हाय, व्हय, मी काय आंधळा न्हाई. हळद लावलीया. येकच खूण हाय, दोन न्हाईत, मी सोता बॅटरी लावून बगितलंय. बनूनं जनावर बगितलेलं न्हाई, मी न्हाई, कुनीच न्हाई. बगितलं कुनी? शेजारच्या साळूबाईनं — घरात बसून! तिच्या जिभंला हाड हाय का? तिला कुनी सांगितलं हुतं तुमच्याकडं मानूस धाडाया? आन् तुमी बी लगीच आलासा, मिलातली पाळी सोडून, मोटार घिऊन, जसं काय आमी तुमच्या पोरीला वाघाच्या म्होरं बांदून घातलीया.

काय म्हनलासा? धोक्याचं रान? ह्ये? लालासाहेब, तुमी माधवनगरच्या भोंग्यावर उठनार, भोंग्यावर जेवनार, भोंग्यावर निजनार — रान बगितलं कवा तुमी? धोका काय आसतोय ते मला इचारा. मिसरूड फुटायच्या आत पलटनीत गेलो मी, बरम्याला. तितं पाऊस म्हंजी — ऱ्हाऊ द्या, तुमास्नी सांगून काय उपेग. बुटाच्या भोकातनं जळवा आत शिरायच्या, आन् सांजंला बूट काडला की रगात वतून टाकायचं. नदीवर आमच्यातला येक जवान तोंड धुवाया वाकला, आन् सुसरीनं असा वढला — वरडाया बी गावलं न्हाई त्येला. टोपी तेवढी वर आली, तरंगत. मग गाझा. नुसती वाळू. तितला पिवळा इंचू, बोटाएवढा, पन डसला की उंटाला घाम फुटतोय. बूट झाडल्याबिगर पाय घालायचा न्हाई, ह्यो हुकूम. आन् येक साप, डोक्यावर दोन बारकी शिंगं, अंगावर वाळू वडून पडतोय आन् शिंगं तेवढी वर. तुमी त्येच्यावर पाय देस्तवर त्यो हलत न्हाई. ऐकताय न्हवं? का भिताडाकडं बगताय? ती कन्हतीया ते मला बी ऐकू येतंय, बहिरा न्हाई मी. कळ आसतीया काट्याची बी.

आन् काँगो! युनोची निळी टोपी घालून गेलतो आमी. तितं पानघोडा म्हनून जनावर हाय. दिसाया कसं, आपली म्हस डबक्यात बसती तसं, नाकपुड्या वर, कान हालीवतंय, लय गरीब. गोरं सायेब फोटू काडाया जायाचं. पन त्येच्या आन् पान्याच्या मधी कुनी आला की संपलं. येक नाव मी फुटताना बगितलीया, काडेपेटी मोडावी तशी मोडली. तितलं गडी सिंहाला भ्यायचं न्हाईत, ह्येला भ्यायचं. आन् माम्बा म्हनून साप, काळ्या तोंडाचा — तोंड उघडलं की आतनं काळं बगा — मानसाच्या छातीबरुबर उभा ऱ्हातोय आन् घोड्यावानी पळतोय. आसली जनावरं बगून आलेला मानूस मी. आन् मला तुमी शिकीवनार, कुंडलच्या उसात काय आसतंय ते?

तितं काँगोत आस्ट्रेलियाचा येक गोरा डाक्टर हुता. लांबडा, नाकाची कातडी उनानं सोललेली. रोज सांजंला आमच्या चुलीपाशी येऊन बसायचा, चपाती खायाचा. त्येचा येकच नाद, माजंच जनावर मोठं! म्हनायचा, हवलदार, आमच्या मुलकात आसलं साप हायती की येकाच्या इखात अक्की पलटन आडवी व्हईल. आन् समुद्रात येक हाय, पान्यात काचंवानी, दिसत न्हाई, निस्तं अंगाला चाटून गेलं की मानूस खलास. मी म्हनलं, बरं बाबा, तुजंच मोठं. मग सांग, साप चावून वर्साला किती मरत्यात तुज्याकडं? त्येनं इचार केला आन् म्हनला, येकादा दुसरा. कवा कवा त्यो बी न्हाई. मी आसा हासलो पावनं! म्हनलं, मग कसलं रं तुजं जनावर? नुसतं नावाला? तवा त्यो म्हनला, तुज्याकडचं सांग. मी सांगितलं — नाग हाय, मन्यार हाय, घोनस हाय, फुरसं हाय. म्हनला, मरत्यात किती? म्हनलं, मोजतंय कोन? म्हनला, चावल्यावर काय करता तुमी? आता काय सांगायचं त्येला? म्हनलं, देवळात न्हेतो.

हासला न्हाई त्यो. हासला आसता तर तितंच त्येच्या कानफटात दिली आसती, मग साब काय करंल ते करू दे. नुसता चपातीचा तुकडा ताटलीत ठिवला त्येनं. म्हनला, आमच्याकडं पायात बूट आसतोय आन् दारात मोटार आसतीया, म्हनून न्हाईत मरत. साप तुज्यापेक्षा माजाच वाईट हाय. — तुमच्यासारकाच! मोटारवाला! जगात सगळ्या दुखन्याला ह्यांची मोटार!

काय? काय म्हनलासा आत्ता? तिचं नाव काडू नगासा. माज्या बायकूचं, धोंडुबाईचं नाव ह्या दारात कुनी काडायचं न्हाई, आन् तुमी तर मुळीच न्हाई. तवा तुमची आमची वळख बी नव्हती. तिचं येगळं हुतं. येगळं म्हंजी समदंच येगळं! साप कुनी बगितला हुता? समद्यांनी. नागपंचमीचा दिस. तुमास्नी म्हाईत हाय, बाया भावासाटनं उपास धरत्यात, चिरायचं न्हाई, खणायचं न्हाई, रानात कुदळ बी लावायची न्हाई. आन् तिला सख्खा भाऊ नव्हता, येकटी लेक आईबापाला. म्हनून तिचा नागावर जीव. लोक इचारायचं, अगं माहेराला कोन हाय तुज्या, तर म्हनायची, वारुळात हाय की. तर त्या दिशी शेनकुटाच्या ढिगापाशी घोनस निगाली. चांगली मनगटायेवढी, फुसफुसत हुती. साळूबाईच्या गुंडानं काठी उगारली, तर ही आडवी गेली. आज भाऊ दारात आलाय आन् तू काठी उगारतुस? गुंडा म्हनला, वयनी, ह्यो नाग न्हवं, घोनस हाय. म्हनली, आज समदं भाऊच. लांबनंच हळदकुकू उडीवलं, वर पाटी झाकली — उद्याच्याला वढ्यात सोडू म्हनून. आन् पाटी हलाय लागली तसा वर दगड ठिवाया गेली. पाटीच्या फटीतनं धरलं तिला, आंगठ्याला.

मग काय, भैरोबाच्या देवळात न्हेली. लिंबाचा पाला दिला खायाला. इख चढलं आसंल तर पाला ग्वाड लागतोय, न्हाई तर कडू. समदं गाव तोंडाकडं बगतंय तिच्या. कडू लागतंय म्हनली. तोंड वाकडं केलं म्हनं, आन् समदी हासली. नारळ फोडला, चालत घरला आली. दुसऱ्या दिशी म्हस पिळली तिनं, सोता! कोन म्हनंल हिला साप चावलाय? आन् मग मिसरी लावाया बसली तर हिरड्यातनं रगात. म्हनली, मिसरी जाळ हाय. मग नाकातनं. मग — ऱ्हाऊ द्या. घोनशीचं इख डोक्यात चढत न्हाई, रगात पातळ करतंय, आतल्या आत. मानूस शुद्धीत आसतंय, बोलतंय, पाला कडूच लागतोय. ह्ये मला त्या गोऱ्या डाक्टरनं सांगितलं, तार हातात आल्यावर. हितं ती थुकत हुती रगात, आन् तितं मी पानघोड्याच्या गोष्टी सांगून लोकास्नी हासवीत हुतो.

म्हनून सांगतो, हिचं तसलं काय न्हाई. हिला चावताना कुनी काय बगितलेलं न्हाई. आन् मी रातीच पाला दिला हिला. दोनदा दिला. म्हनलं, बनू, कडू लागतंय न्हवं? म्हनली, व्हय मामाजी, लय कडू. मग? आनि काय पायजे? म्हंजी इख —

तुमी बगू नगासा आसं माज्याकडं.

दिला मी! व्हय, मीच दिला! काँगो, गाझा बगून आलेल्या नाथाजीनं लिंबाचा पाला दिला. काल सांजंला ती वरडली, आन् मी भ्यालो, लालासाहेब. बरम्यात भ्यालो न्हाई तसा भ्यालो. म्हनलं, घोनस आसंल तर सोसायचं न्हाई मला. माजा अर्जुना, हिचा नवरा, लडाखला बसलाय, बांगलाच्या लढाईतनं वाचून आलेलं पोर, त्येला काय तार करू मी? माजी आली तसली? मग म्हनलं काटा हाय. काटाच हाय. हिच्या तोंडातनं कडू येवडंच ऐकायचं हुतं मला, दुसरं कायबी नगं हुतं.

थुकती का? न्हाई — म्हंजी — मिसरी लावती की ती बी. सकाळी न्हानीच्या दगडावर पडलं हुतं. तांबडं. मिसरीची थुकी काळी आसती, मला ठावं हाय काळी आसती. मी तांब्याभर पानी वतलं त्येच्यावर. साळूबाईनं बगू नये म्हनून.

…

हुबं काय ऱ्हायलाईसा? तुमचीच पोरगी न्हवं ती? उचला! आत जावा, उचला तिला, पाय भुईला टेकू दिऊ नगासा. चालू नगं म्हनावं, पावलभर बी नगं. बनू, बापाच्या गळ्यात हात टाक. बोलू नगंस. त्या मोटारवाल्याला हाक मारा, भोंगा वाजीव म्हनावं, म्हस बुजंना का, गावातली गाडी बाजूला व्हईल. कुटं थांबू नगासा, पलूसला न्हाई, तासगावला न्हाई, थेट मिरजंच्या दवाखान्यात. घोनस म्हनून सांगा. काटा म्हनू नगासा. घोनस.

मी? मी न्हाई येत. धरू नगासा माजा हात, सोडा! मला मोटारीत घिऊ नगासा. वाटंवर भैरोबाचं देऊळ हाय — मी मोटार थांबवीन.

जावा तुमी!