मावशीची उजेडातली बाजू

(भाच्याचा स्टुडिओ. एरवी इथे कुकर, नळ आणि इस्त्र्या यांचे फोटो निघतात. आज स्टुलावर मावशी, म्हणजे ताई, बसली आहे आणि तिची धाकटी बहीण, भाच्याची आई, तिच्या गालाशी झटते आहे.)

भाचा : मावशी, हलू नकोस गं. कपाळावर खिडकी दिसतेय.

ताई : कसली खिडकी?

भाचा : ही समोरची. अख्खी दिसतेय, गजांसकट. चकाकतंय ना कपाळ. कुकरच्या झाकणावर अगदी असंच होतं.

धाकटी : अरे, सख्खी मावशी आहे तुझी. कुकर काय म्हणतोस!

भाचा : आई, कौतुकच करतोय. कुकरइतकं अवघड काही नसतं आमच्यात.

ताई : मग कुकरची चकाकी कशी घालवता?

भाचा : पावडर मारतो.

धाकटी : मग मी काय करतेय? सरक बाजूला. ताई, डोळे मीट.

ताई : अगं, किती मारशील? मी शिंकले तर खोलीभर धुकं होईल.

भाचा : आई, गाल लालभडक झालाय.

धाकटी : मगाशी तूच म्हणालास ना, फिकट दिसतोय? म्हणून लावला रंग.

भाचा : फिकट दिसत होता म्हणून मी दिवा कमी केला!

धाकटी : मला काय माहीत तू दिवा कमी केलास?

भाचा : आता वाढवतो परत.

धाकटी : वाढवलास की परत फिकट दिसेल. थांब, आणखी एक हात देते.

ताई : अहो, दोघं आधी एकमेकांशी बोला. भांडण तुमचं आणि तोंड माझं.

धाकटी : तू बोलू नकोस, ओठ हलतात.

ताई : बोलण्यावरच पोट भरलंय गं आजवर. आता म्हणे बोलू नकोस.

भाचा : मावशी, एक सांगू? साधा फोटो नाही काढायचाय मला. स्टाइल हवी. एका बाजूनं कडक उजेड, दुसरी बाजू पूर्ण काळोखात. वर मोठ्या अक्षरात तुझ्या कार्यक्रमाचं नाव. लोक रस्त्यात थांबले पाहिजेत पोस्टर बघून.

ताई : थांबतील रे. थांबून कपाळाला हात लावतील.

धाकटी : झालं हिचं सुरू! इतकी माणसं तिकीट काढून येणार आहेत शनिवारी. कशासाठी? तुझ्यासाठीच ना?

ताई : आवाजासाठी. रेडिओवर गोष्टी वाचत होते तेव्हा एकानं तरी तोंड बघायला मागितलं का? किती बरं चाललं होतं. आता म्हणे स्टेजवर बसून वाचा, लोकांना तुम्हाला बघायचंय.

भाचा : मग बघू दे की!

ताई : तुला सांगितलं नाही का हिनं, चपलांच्या दुकानातलं?

धाकटी : ताई, ते जाऊ दे आता.

ताई : का जाऊ दे? ऐक रे. दुकानदार खाली वाकून खोकी काढत होता. मी म्हटलं, "यातली एक नंबर मोठी दाखवा." तो तसाच थांबला. म्हणाला, "अहो, हा आवाज! दुपारच्या गोष्टीवाल्या बाई!" चेहरा नुसता फुलला होता त्याचा. ताडकन उठला, माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या मागे बघायला लागला. कोण बोललं म्हणून.

भाचा : अरेरे.

ताई : मागे एक टोप्यांचा स्टँड होता. त्या स्टँडकडे जरा जास्तच आशेनं बघितलं त्यानं.

धाकटी : बावळट असेल तो.

ताई : बावळट कसला? चांगला माणूस. चपलाही टिकल्या. पण शनिवारी तसे सहाशे जण समोर बसणार आहेत, आणि माझ्या मागे टोप्यासुद्धा नसतील.

भाचा : म्हणूनच म्हणतो, असा फोटो काढू की सगळ्यांची आधीच तयारी होईल. आई, झालं का?

धाकटी : झालं. ब्रश धुऊन येते. कार्यक्रमाच्या मॅनेजरचा फोन आला तर सांग, निघालाय फोटो.

भाचा : मावशी, एक मिनिट, दिवा बंद पडला. आईनं तिचा केसांचा ड्रायर लावायला माझ्या दिव्याची पिन उपटली वाटतं. हं, बघितलंस? लावलाय तिथं, आणि तारेचा असा गुंता केलाय... राहू दे. दिवा या बाजूला आणतो, इकडे पण प्लग आहे. उजेड काय, इकडून काय नि तिकडून काय.

ताई : तुझं तू बघ. माझी मान अवघडली.

भाचा : अशीच बस. जरा हनुवटी वर. मावशी... एकदम थकलीस का गं?

ताई : मी? नाही बाई. का?

भाचा : नाही, मगाशी ताजी दिसत होतीस. असू दे, कॉम्प्युटरवर करू सगळं. बघ इकडे. छान. आणखी एक. गूढ बघ.

ताई : गूढ म्हणजे?

भाचा : म्हणजे गॅस बंद केला की नाही ते आठवत नाहीये, तसं.

ताई : अगोबाई, खरंच केला का मी?

भाचा : वा! हेच पाहिजे होतं. संपलं. आई, ये, बघ.

धाकटी : बघू बघू... अरे, हे काय? मेकअप कुठे गेला?

भाचा : तेच विचारतोय. लावलास ना?

धाकटी : तासभर राबले! पण तू... दिवा कुठे आहे तुझा? तो इकडे कशाला आणलास?

भाचा : का? काय फरक पडतो?

धाकटी : फरक पडतो म्हणजे? त्या बाजूला मी काही लावलेलंच नाहीये!

ताई : काय?

धाकटी : तूच म्हणालास ना, दुसरी बाजू पूर्ण काळोखात. म्हटलं, काळोखाला कशाला वाया घालवायचं? बाटलीत रंग होता थोडासाच. उद्या एका नवरीचा मेकअप करायचाय मला, तिला लागणार आहे.

ताई : म्हणजे आत्ता माझं अर्धंच तोंड रंगवलंय? आरसा दे. दे म्हणते ना!

धाकटी : नको बघूस.

ताई : अगं आई गं! पाव शेकून उलटायचा राहिला तशी दिसतेय मी.

भाचा : आई, मग आता लाव दुसऱ्या बाजूला पटकन.

धाकटी : कुठून लावू? तुझ्या त्या दिव्याच्या वर-खाली करण्यात संपली बाटली. नवरीच्या वाटणीचासुद्धा गेला त्यात. घे, फोन वाजतोय. मॅनेजरच असणार.

भाचा : हॅलो... हो सर, झाला फोटो. फक्त फिनिशिंग... हो, एका बाजूचं फिनिशिंग राहिलंय... नाही नाही, छापायच्या आत मिळतो. ठेवतो, सर. हं, घाबरू नका. माझ्याकडे उपाय आहे.

ताई : तुझा उपाय म्हटलं की मी आधी दार कुठंय ते बघते.

भाचा : सोपं आहे. स्टुडिओतले तिन्ही दिवे लावून समोरून एक फोटो घेतो. मग चेहऱ्याचा चांगला अर्धा भाग उचलायचा, उलटा करायचा, दुसऱ्या बाजूला चिकटवायचा. नळांचं नेहमी करतो मी असं. एकीकडे पोचा असला तर.

ताई : मला पोचा आलाय का?

धाकटी : काढ रे तू. तिचं ऐकू नकोस.

भाचा : समोर बघ मावशी... झालं. आता इथून कापलं, इथे उलटवलं, आणि... हं.

धाकटी : बाबा!

ताई : अगं बाई, खरंच की! हुबेहूब आपले बाबा!

भाचा : चुकून दुसरा अर्धा उचलला मी. बिनमेकअपचा.

धाकटी : ताई, बघ ना, तेच कपाळ. शेजारच्यांचा रेडिओ मोठा लागला की असेच बघायचे भिंतीकडे.

ताई : फक्त कानात डूल आहेत. तेवढं सोडलं तर काही फरक नाही.

भाचा : खोडतो हा.

धाकटी : हात तर लाव! मला पाठव तो आधी. डूल काढून.

भाचा : पाठवतो. आता हा बरोबरचा अर्धा. कापला... उलटवला... डोळ्याखालचं थोडं पुसतो. गळ्यावरच्या रेघा पुसतो, मान थोडी ओढतो. नाक जरा... पुरे. बघा आता.

धाकटी : अय्या!

ताई : ही कोण?

भाचा : तूच.

ताई : जाहिरातीत वॉशिंग मशीनशेजारी उभी राहून हसते ना, ती बाई आहे ही.

धाकटी : पण सुंदर आहे हं, ताई. खरं सांग, आहे की नाही?

ताई : तीळ दोन आहेत तिला.

भाचा : एक पुसतो. कुठला ठेवू?

ताई : पुसू नकोस. बघू दे जरा. ...छान आहे रे. मान किती लांब केलीस! दुकानदाराला हीच हवी होती बघ. हिच्याकडे बघून कुणी मागचा स्टँड शोधणार नाही.

भाचा : मग? पाठवू मॅनेजरला?

धाकटी : पाठव, पाठव. उशीर झालाय आधीच.

ताई : थांब. शनिवारी काय करायचं?

भाचा : शनिवारचं काय?

ताई : पोस्टर बघून लोक येतील. पडदा वर जाईल. तेव्हा ही बाई कुठून आणू मी? सहाशे जण एकदम माझ्या मागे बघतील.

धाकटी : मी येते ना मेकअप करायला.

ताई : तू ये. पण ही मान कुठल्या बाटलीत मिळते?

भाचा : मग आजोबांचा पाठवायचा का?

धाकटी : गप रे, शहाणा!

ताई : सकाळपासून तू मला एकच सांगत होतास. एक बाजू उजेडात, एक काळोखात. बरोबर?

भाचा : हो.

ताई : उजेडातल्या बाजूचा मेकअप हिनं केलाय. काळोखातली तशीच आहे. म्हणजे ठरलं होतं तसंच आहे सगळं. फक्त दिवा चुकीच्या बाजूला आहे.

भाचा : (दिव्याकडे वळून) हो की!

धाकटी : अरे! मग दिवा परत तिकडे का नाही ठेवलास?

भाचा : सुचलंच नाही. कॉम्प्युटर होता ना समोर.

धाकटी : आणि माझी बाटली वाया घालवलीस ती घालवलीसच!

भाचा : तूच आधी ड्रायर काढ तिथला! मावशी, बस. पण चालेल का तुला? अर्धा चेहरा दिसणारच नाही लोकांना. विचारतील, उरलेली कुठंय?

ताई : शनिवारी घेऊन येते म्हणावं. आणि हे बघ, आजवर अख्खी मी त्यांनीच बनवलीय मनातल्या मनात. कुणी उंच केली, कुणी गोरी केली. अर्धं काम राहू दे त्यांच्याकडे, सवय आहे त्यांना.

भाचा : बरं. हनुवटी वर. हं... नाही गं. आता दगडासारखी झालीस.

ताई : गॅस आठवू का?

भाचा : नको. बोल.

धाकटी : ओठ हलतील ना रे!

भाचा : हलू देत. मावशी, काहीही बोल. दुपारी सुरुवात कशी करायचीस, तसं.

ताई : इथं? तुमच्या दोघांसमोर? शी!

भाचा : मी आणि आई नाहीच आहोत. मी कुकर आहे समज.

ताई : (घसा खाकरून) ऐकताय ना? हातातलं काम थांबवू नका. भाजी चिरत असाल तर चिरा, इस्त्री करत असाल तर करा, फक्त बोटं सांभाळा. कालची गोष्ट आपण कुठे सोडली होती? ती मुलगी दाराशी उभी होती, आणि आतून कुणीतरी विचारलं, कोण आहे...

भाचा : थांबू नकोस, थांबू नकोस.

ताई : ...आणि तिला उत्तरच सुचेना. इतका वेळ दार वाजवलं, पण आपण कोण हे सांगावं लागेल, असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

धाकटी : मग?

ताई : मग काय? उद्या दुपारी.

धाकटी : हे काय गं, ताई! नेहमीचंच तुझं!

भाचा : मिळाला. मावशी, मिळाला! ये इकडे. काही पुसलेलं नाही, काही चिकटवलेलं नाही. आई, बघ.

धाकटी : ताई... तोंड उघडं आहे गं तुझं.

भाचा : असू दे की. पाठवू?

ताई : सरका जरा, मला नीट बघू द्या. ...हं.

भाचा : काय वाटतं?

ताई : हिचा आवाज चांगला असणार.