तिसरी हाक

(नाशिक. महिला फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय निमंत्रित स्पर्धेचा अंतिम सामना. मध्यंतर झालंय, नेपाळचा संघ एका गोलने पुढे. यजमान संघाच्या खोलीत प्रशिक्षक ललिता आणि गोलकीपर निकिता. दाराबाहेर बचावफळीतली तानू.)

ललिता : ग्लोव्हज कशाला काढतेस? अजून अर्धी मॅच बाकी आहे.

निकिता : मला बसवा मॅडम. मी नाय जात गोलमध्ये.

ललिता : बसवते की! आणि उभं कुणाला करू, खांबाला? राखीव कीपरचं बोट कालच मोडलंय. एक गोल खाल्ला म्हणून कुणी हातपाय गाळत नाही. पण एवढं सांग, तानू दोनदा ओरडली, ‘निके! निके!’ मी बाकावरून ऐकलं. बॉल तुझा होता. पुढे का नाही आलीस?

निकिता : तिसऱ्या हाकेची वाट बघत होते.

ललिता : काय?

निकिता : ती तानूची हाक नव्हती. ज्योत्स्नाची होती.

ललिता : आधी पाणी पी. अगं, ज्योत्स्नाला जाऊन वर्ष झालं. तिची चार नंबरची जर्सी तानूला देताना माझाही हात उचलत नव्हता. पण साप चावला, त्याला कोण काय करणार?

निकिता : मी करू शकत होते.

ललिता : तू?

निकिता : आमच्या गावाकडं तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली, तर लगेच ओ देत नाय. भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारतो तो माणूस. त्या दिवशी घरात मी एकटीच, भाकरी थापत होते. बाहेरून आली, ‘निके!’ मग परत, ‘निके!’ आवाज तिचाच, पण लय खोल गेलेला. म्हणून तर भ्यायले. तव्यावरची भाकरी जळली तरी उठले नाय. तिसरी हाक येईल म्हणून बसून राहिले.

ललिता : मग?

निकिता : आलीच नाय. सकाळी खाचराच्या बांधावर सापडली. आमच्या दारापासून वीस पावलं.

ललिता : आणि हे वर्षभर पोटात ठेवून हिंडतेस?

निकिता : कुणाला सांगू? तिच्या आईला? मी इथं यायला निघाले, तर ती बाई माझ्या हातावर गूळ ठेवून गेली, मॅडम.

ललिता : ये, बस इथं. डोळे पूस. आजची हाक मात्र तानूचीच होती, थांब, तिलाच विचारू. तानू! गोल झाला तेव्हा तू हिला दोनदा हाक मारलीस ना?

तानू : (आत येत) मी? नाय ओ. त्याच्या आधीच माझ्या तोंडावर बॉल बसलेला. हा बघा ओठ, कसा वड्यासारखा सुजलाय. आवाज फुटंल तर शपथ! गोलच्या मागून कुणी तरी पोरगी ओरडली की.

निकिता : मागं भिंत हाय, तानू.

तानू : हो, पण... मी ऐकलं ना. मॅडम, तुम्ही पण ऐकलंत ना?

ललिता : ऐकलं. निकिता, ज्योत्स्नानं मैदानात तुला कधी चुकीची हाक दिली?

निकिता : कधीच नाय.

ललिता : आज?

निकिता : आजची पण बरोबर होती. पहिल्या हाकेला निघाले असते तर बॉल हातात होता.

ललिता : मग आता पहिल्याच हाकेला निघायचं. कुणाची का असेना.

निकिता : ती रागावली असंल तर?

ललिता : रागावलेलं माणूस बॉल आला म्हणून सांगत नाही गं.

तानू : शिट्टी झाली मॅडम.

निकिता : द्या ते ग्लोव्हज.

तानू : अगं, पळतेस काय, मला येऊ दे! मॅडम, ही दारात थांबून ‘आले गं, आले’ असं कुणाला म्हणाली? मी तर इथं हाय, बाहेर कुणीच नाय.

ललिता : जाऊ दे. उशिरा का होईना, ओ दिली तिनं.