मी जेवले

नाही नाही, बसा हो — त्याच खुर्चीवर बसा, विंगेत दुसरी नाहीच. माझीच आहे ती, प्रॉम्प्टरची, पण घंटेला अजून अवकाश आहे. तुमची नायिका मेकअपला बसलीय. तिच्यावरच लिहायचंय ना? तेच म्हटलं, माझ्यावर कोण लिहिणार. तरी सांगून ठेवते, ही भूमिका आधी मी केलीय — एकोणीस वर्षं. ठाऊक नव्हतं? असू दे, कोणालाच नसतं. तिच्या अंगावरचे कपडेसुद्धा माझेच आहेत, कमरेत चार बोटं आवळून घेतलेत. चार नाही, तीन.

गोष्ट माहितीय ना? गावाने देवमाणूस मानलेल्या डॉक्टरची बायको. साथ येते, नवरा रोग्यांच्या उशाशी बसलाय म्हणून ही अभिमानाने ताट झाकून वाट बघते, आणि शेवटच्या अंकात कळतं की तो पहिल्याच दिवशी पळाला होता — रोग्यांपाशी राहिला आणि मेला तो त्याचा कंपाउंडर. मग हा घरी येतो, हात धुतो, विचारतो, ‘थांबली नाहीस माझ्यासाठी?’ आणि ती म्हणते, ‘मी जेवले.’ बस. दोन शब्द. रडणं नाही, ओरडणं नाही. शंभर वर्षं झाली नाटकाला, औषधं बदलली, दिवे बदलले, पण त्या दोन शब्दांना बायका अजून पर्समध्ये रुमाल शोधतात आणि शेजारी नवरे घड्याळ बघतात. जुनं का होत नाही म्हणता? अहो, घरी जाऊन ताट झाकायचंच असतं ना — मीसुद्धा झाकते. आमचे हे, म्हणजे दिग्दर्शक, तिच्या जादा तालमी घेऊन येईपर्यंत. येतात ते जेवूनच येतात. जाऊ दे, ते लिहू नका.

तर तुम्ही त्या शांततेसाठी आलात. सगळे त्यासाठीच येतात. ‘मी जेवले’ म्हणण्याआधी ती थांबते ना — वीस सेकंद — डॉक्टरकडे नाही, विंगेकडे बघत. विश्वास उडताना इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता, असं तुमच्याच पेपरात आलं होतं. ह्यांनी तर कौतुकाचे पूल बांधले. मला एकोणीस वर्षांत काय म्हणाले? ‘आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय.’ पोटात दुखतं माझ्या, खोटं कशाला बोलू.

सांगू का, ती शांतता बसवलेली नव्हती. विसरली होती ती. तिचा चाळिसावा प्रयोग, रविवारची दुपार, आणि दोन शब्द विसरली — होतं तसं, लांबलचक भाषणं नाही अडत, एवढुसं वाक्यच अडतं. माझं काम काय? नट अडला की दोन श्वास मोजायचे आणि शब्द द्यायचा. एक श्वास झाला. दुसरा झाला. शब्द जिभेवर होते माझ्या, वहीत बघायची गरजच नव्हती, माझेच तर होते ते — आणि मी नाही दिले. पडू दे, म्हटलं. भरल्या थिएटरात एकदा तरी पडू दे.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. आधी नुसती वाट बघत होती — ‘ताई आहेत ना,’ असं म्हणून, माझा हात दाबूनच जायची रोज रंगमंचावर. मग तिला कळलं. की मला येतंय, आणि मी देणार नाहीये. ते कळताना जो चेहरा झाला ना तिचा, तोच — त्याचंच तुम्ही कौतुक छापलंत. डॉक्टर कुठला, तिथे मी होते. मग तिचे तिलाच शब्द आठवले, अगदी हळू म्हणाली, आणि अख्खं थिएटर उभं राहिलं. एकोणीस वर्षं तो चेहरा मी आरशात शोधत होते. शेवटी मीच दिला, आणि दिला तो तिला.

नाही, तिने कोणाला सांगितलं नाही. मलाही काही बोलली नाही. ह्यांनी नाटकाच्या वहीत लिहूनच टाकलंय आता, ‘शांतता’. रोज वीस सेकंद ती माझ्याकडे बघते, रोज मी गप्प बसते. फक्त जाताना हात दाबत नाही.

तुमची ती वही मिटा. हे छापायचं नाही — छापा हवं तर — नको, तिचा अभ्यास दांडगा आहे, एवढंच लिहा. झाली बघा घंटा. तिला मध्यंतरात भेटा. उठा, खुर्ची द्या माझी.