भोंगा गिळलेलं पिल्लू

मिल बंद पडल्यापासून आनंदरावांची सकाळ रेशनच्या रांगेत जायची. पुढे दोन मुली कुजबुजत होत्या.

“संबोधी, तुझं ते केसाळ पिल्लू आईला दिसलं?”

“दिसलं ना! पायपुसणं समजून पाय पुसले. बिचारं चूप राहिलं.”

“अन् मिलचा भोंगा गिळलेला?”

“पोटातच आहे. आज पहाटे पोहे खाऊन ढेकर दिला, तर पूर्ण भोंगा वाजला यार!”

“बाप रे! बाबा?”

“उठले, दाढी केली, डबा मागितला. मग पलंगावर बसून राहिले.”

“पोहे बंद कर त्याचे.”

“पण दाढी करताना गुणगुणत होते गं.”

आनंदरावांनी पिशवीतून सकाळीच भोंगा ऐकून भरून घेतलेला डबा काढला.

“बेटा, यात पोहेच आहेत. उद्या पहाटे दे त्याला.”